दूरचे हात : प्रस्तावना

घरून करायच्या कामाची हद्द हाताशी येऊन संपते. हिशेब, पत्रव्यवहार, संगणकाची आज्ञावली, शिकवणी, बैठक हे सारे तारेवरून जाते, कारण त्यात जायचे असते ते शब्द, आकडे आणि चित्र. नळाची गळती, यंत्राचा अडकलेला पट्टा, रुग्णाच्या पोटावर दाबून पाहायची सूज ही कामे तारेवरून जात नाहीत. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन भरात, शिकागो विद्यापीठातील जोनाथन डिंगेल आणि ब्रेंट नीमन यांनी अमेरिकेतील किती नोकऱ्या संपूर्णपणे घरून करता येतील याचा अंदाज बांधला. उत्तर आले ३७ टक्के. गरीब देशांत हा वाटा आणखी कमी असल्याचेही त्यांना आढळले. ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द घराघरात पोचला त्या काळातही बहुसंख्य कामकऱ्यांना तो लागू नव्हता. उरलेल्या कामांना दूर अंतरावरचे हात, डोळे आणि पाय मिळवून देण्याचा खटाटोप गेली पाऊणशे वर्षे चालू आहे. टेलिरोबोटिक्स आणि टेलिप्रेझेन्स ही त्याच खटाटोपाची नावे.

दोन्ही शब्द सैलपणे वापरले जातात, म्हणून आधी त्यांचा अर्थ पाहिलेला बरा. दुसरीकडच्या यंत्राला माणसाने इथून चालवणे म्हणजे टेलिऑपरेशन. त्या यंत्रात थोडी स्वतःची अक्कल असली, म्हणजे काही हालचाली ते आपण होऊन पार पाडू लागले, की त्याला टेलिरोबोटिक्स म्हणतात. टेलिप्रेझेन्स म्हणजे चालवणाऱ्याला आपण तिथेच आहोत असे वाटणे, आणि तिथल्या माणसांनाही तो आल्यासारखा वाटणे. हा शब्द अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ मार्व्हिन मिन्स्की यांनी १९८० मध्ये ‘ऑम्नी’ मासिकातील लेखातून रूढ केला. शब्द सुचवला होता त्यांचे मित्र पॅट गंकेल यांनी. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीतील अपघाताला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आत माणूस पाठवता येत नाही आणि बाहेरून दुरुस्ती होत नाही, ही अडचण मिन्स्कींच्या डोळ्यांसमोर होती. पुढे २००० नंतर कंपन्यांनी हाच शब्द महागड्या व्हिडिओ-बैठकीच्या खोल्यांना लावला. त्यात पलीकडच्या माणसाचा चेहरा पूर्णाकृती दिसे, पण टेबलावरचा कागद उचलता येत नसे. मिन्स्कींना नेमके ते उचलणेच हवे होते. त्यांच्या कल्पनेत अंगात घालायचे एक जाकीट होते, हातांची हालचाल टिपणारे आणि दूरच्या यंत्राला लागलेला धक्का परत पोचवणारे.

‘परत’ या शब्दात या विषयाचे मर्म आहे. आज्ञा पाठवणे फारसे अवघड नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्येच न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी होडी लोकांना दाखवली होती. अवघड आहे ते तिथले जाणवणे इकडे आणणे. पुढचा इतिहास त्या अडचणीभोवती फिरतो.

सुरुवात अणुयुगात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याची गरज निर्माण झाली आणि शिकागोजवळच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी १९४९ च्या सुमारास यांत्रिक हातांची पहिली जोडी बनवली. अशा हातांसाठी बांधलेल्या खोलीला ‘हॉट सेल’ म्हणतात. तिच्या भिंती मीटरभर जाडीच्या काँक्रीटच्या, आणि खिडकी तितक्याच जाडीच्या, पिवळसर झाक असलेल्या शिसेयुक्त काचेची. चालक खिडकीसमोर उभा राहतो आणि डोक्यावरून खाली आलेल्या दोन मुठी पकडतो. मुठीपासून पोलादी पट्ट्या आणि तारा भिंतीच्या वरच्या भागातून आरपार जातात आणि आतल्या बाजूला दोन चिमटे हलतात. इथे बोटे जवळ आणली की तिथे चिमटा मिटतो. आतली बाटली टेबलावर टेकली की तो ‘टक्’ पट्टीवरून बाहेर येतो आणि चालकाच्या बोटांना कळतो. मधे वीज नाही, संगणक नाही. म्हणूनच हे साधे यंत्र स्पर्शाच्या बाबतीत नंतरच्या अनेक महागड्या यंत्रांहून सरस ठरले. पट्टीची लांबी हीच मात्र त्याची मर्यादा. ती तोडण्यासाठी गर्ट्झ यांनी १९५४ मध्ये विजेवर चालणारी, बळाची जाणीव मोटरच्या साहाय्याने परत देणारी आवृत्ती आणली. तेव्हापासून दोन हातांमधले अंतर तत्त्वतः कितीही वाढवता येऊ लागले.

या परंपरेचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असे हात स्वतः विकसित केले आणि देशातील अणुसंस्थांच्या हॉट सेलमध्ये ते वापरात आले. मुंबईच्या वेशीवर दूरस्थ कामाची इतकी जुनी परंपरा आहे, याचा उल्लेख रोबोंवरच्या मराठी लिखाणात क्वचितच होतो.

दुसरी वाट समुद्राने आणि अवकाशाने उघडली. जानेवारी १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेस गावाच्या आकाशात अमेरिकी बॉम्बफेकी विमानाची दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली आणि एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला. एप्रिलमध्ये तो वर आला तो ‘कर्व्ह’ नावाच्या, केबलने जोडलेल्या मानवविरहित यंत्रामुळे. यंत्र बॉम्बच्या पॅराशूटमध्ये गुरफटले आणि शेवटी दोन्ही एकत्रच वर ओढावे लागले. आज खोल समुद्रातील तेलविहिरींवर कामाला असलेल्या यंत्रांचे पूर्वज शोधायचे तर ते इथे सापडतात. १९७० च्या नोव्हेंबरात सोव्हिएत ‘लुनोखोद-१’ ही गाडी चंद्रावर उतरली. क्रिमियातील नियंत्रण केंद्रातून पाच जणांची तुकडी ती चालवत असे. संदेश जाऊन येण्यास अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागे, आणि चित्र सलग नसून काही सेकंदांनी एकेक येई. समोर खड्डा दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची. तरीही त्या तुकडीने तिला साडेदहा किलोमीटर चालवले.

हा उशीर, ज्याला चालक मंडळी सरसकट ‘लॅग’ म्हणतात, या क्षेत्राचा खरा शत्रू. त्याची थोडी आकडेमोड वाचकाने मनात ठेवावी. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजले तर साडेबारा हजार किलोमीटर. संदेश जाऊन येण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागतील, आणि केबल वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षातला आकडा २०० च्या आसपास पोचतो. भूस्थिर उपग्रहावरून गेल्यास अर्धा सेकंद. बोलण्यासाठी दोनशे मिलिसेकंद फार नाहीत. पाहत पाहत हळू काम करण्यासाठीही चालतील. पण स्पर्शासाठी यंत्रणेला सेकंदाला हजारदा बळ मोजून परत पाठवावे लागते. इतका उशीर झाला तर नुसते काम मंदावत नाही, यंत्र बिथरते.

ते का, हे जिन्यावरून कपाट उतरवणाऱ्या दोघांकडे पाहून कळते. खालचा ‘थांब’ म्हणतो तेव्हा वरच्याने त्याच क्षणी हात आवरला तर कपाट थांबते. वरच्याला ते अर्धा सेकंद उशिरा ऐकू आले तर तो तेवढा वेळ ढकलत राहतो. खालचा घाबरून उलट रेटा देतो, आणि वरच्याला तो रेटा पुन्हा उशिरा जाणवतो. दोघेही समजूतदार, तरी कपाट डोलू लागते. विलियम फेरेल यांनी १९६० च्या दशकात एमआयटीत केलेल्या प्रयोगांत दिसले की उशीर असला की माणसे आपोआप एक युक्ती वापरतात: थोडे हलवायचे, थांबायचे, पाहायचे, मग पुन्हा हलवायचे. काम होते, पण जाता येता वाया जाणारा वेळ वाढत जातो.

या कोड्याच्या उत्तरांवरून या क्षेत्रात वेगवेगळ्या विचारपरंपरा निर्माण झाल्या. नियंत्रण अभियंत्यांनी गणिताकडे धाव घेतली. अँडरसन आणि स्पाँग यांनी १९८९ मध्ये आणि निमायर व स्लोटीन यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की संदेशांची मांडणी बदलून, संदेश नेणाऱ्या दुव्याने आपल्या पदरची ऊर्जा व्यवस्थेत घालू नये एवढे बंधन पाळले, तर उशीर असूनही डोलणे आवरता येते. किंमत अशी की स्पर्श थोडा बोथट होतो, दगड हाताला रबरासारखा लागतो.

टॉम शेरिडन आणि त्यांच्या एमआयटीतील सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. प्रत्येक हालचाल माणसाने का करावी? त्याने ‘हा वॉल्व बंद कर’ एवढे सांगावे आणि बारीक हालचाली यंत्राने करून घ्याव्यात. माणूस मुकादम, यंत्र गडी. शेरिडन आणि व्हर्प्लँक यांनी १९७८ मध्ये समुद्राखालील यंत्रांच्या संदर्भात माणूस-यंत्र वाटणीच्या दहा पायऱ्या मांडल्या. सगळे माणसाने करायचे, इथपासून यंत्राने माणसाला न विचारता सगळे करायचे, इथपर्यंत. आज चालकविरहित गाड्यांच्या चर्चेत ज्या पायऱ्यांचा उल्लेख होतो, त्या मांडणीचे मूळ तिथे आहे. उद्योगात सर्वांत जास्त यश याच परंपरेला मिळाले, आणि ते उचितही होते. ऑस्ट्रेलियातील पिल्बाराच्या लोहखाणींचे कामकाज रिओ टिंटो २०१० पासून दीड हजार किलोमीटरवरच्या पर्थ शहरातून चालवते. केरळच्या विझिंजम बंदरात यार्डातील क्रेन नियंत्रण कक्षातून चालवल्या जातात आणि त्या चालवणाऱ्यांत स्थानिक महिलाही आहेत. उंच क्रेनच्या केबिनमध्ये तासन्‌तास मान खाली घालून बसण्याचे काम खुर्चीत आणि पडद्यासमोर आले.

जपानी परंपरेचा ओढा वेगळा. सुसुमु ताची यांनी १९८० पासून ‘टेलिएक्झिस्टन्स’ ही कल्पना मांडली: यंत्राचे डोके, हात आणि डोळे माणसाच्या अंगाशी असे जुळवायचे की चालकाला यंत्र हेच आपले शरीर वाटावे. बरीच वर्षे हे प्रयोगशाळेतले नवल होते. नंतर त्याला एक अनपेक्षित उपयोग सापडला. टोकियोच्या निहोनबाशी भागात २०२१ मध्ये उघडलेल्या ‘डॉन’ नावाच्या कॅफेत ओरीहिमे नावाचे छोटे पांढरे रोबो ग्राहकांशी बोलतात, ऑर्डर घेतात. त्यामागची माणसे घरात किंवा रुग्णालयात खाटेवर असतात. एएलएससारख्या आजाराने ज्यांचे हातपाय निकामी झाले आहेत, ती नजरेने अक्षरे निवडून रोबोला बोलायला आणि मान हलवायला लावतात. ओरीहिमेच्या चेहऱ्यावर जाणूनबुजून कोणताही भाव कोरलेला नाही. समोरच्याने त्यात चालकाचा भाव पाहावा, अशी रचनाकारांची अपेक्षा. इथे चाके आणि मोटरी सामान्यच आहेत. ज्याला कामावर जाताच येत नव्हते तो हजेरी लावतो, पगार घेतो, गिऱ्हाइकाशी थट्टा करतो, हे असामान्य.

कार्यालयांत फिरणाऱ्या पडद्यांची कथा याच्या उलट. खांबावर पडदा, खाली चाके, पडद्यावर घरी बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा: ‘बीम’, ‘डबल’ यांसारखी यंत्रे २०१२ च्या आसपास बाजारात आली. दूरवरचा सहकारी बैठक संपल्यावरही कॉरिडॉरमध्ये भेटू शकतो, हे त्यांचे खरे आकर्षण होते, आणि ते खोटे नव्हते. पण दार उघडता येत नाही, लिफ्टचे बटण दाबता येत नाही, वायफाय तुटले की माणूस कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा. हात नसलेल्या उपस्थितीला लोकांनी काही काळ कौतुकाने पाहिले आणि पुन्हा साध्या व्हिडिओ कॉलकडे वळले. रुग्णालयांत मात्र अशी यंत्रे टिकली, कारण तिथे रात्री-अपरात्री तज्ज्ञाची नजर खाटेपर्यंत पोचण्याला किंमत आहे. तंत्र तेच. कामाची निकड वेगळी.

शस्त्रक्रियेचा इतिहास यात सर्वांत बोलका. ७ सप्टेंबर २००१ रोजी फ्रेंच शल्यचिकित्सक जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमधून स्ट्रासबुर्गच्या ६८ वर्षांच्या महिलेचे पित्ताशय काढले. अटलांटिकपारच्या समर्पित काचतंतू जोडणीवर उशीर सुमारे १५५ मिलिसेकंद होता. प्रयोग गाजला, पण नेहमीचा झाला नाही. एवढी जोडणी आणि दोन्हीकडे पूर्ण पथक उभे करण्यापेक्षा रुग्णाला हलवणे स्वस्त होते. कॅनडात मेहरान अन्वरी यांनी २००३ पासून हॅमिल्टनहून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बेमधील रुग्णांवर नियमित शस्त्रक्रिया केल्या. डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाममधून सुमारे ३२ किलोमीटरवरच्या अहमदाबादेतील पाच रुग्णांच्या हृदयवाहिन्यांवर उपचार केले. दरम्यान मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत दिसणारा ‘दा विंची’ रोबो ज्या संशोधनातून आला, त्याचे मूळ उद्दिष्ट युद्धभूमीवरील जखमी सैनिकावर दुरून शस्त्रक्रिया हे होते. प्रत्यक्षात तो खपला तो सर्जन आणि रुग्ण एकाच खोलीत असताना, काही फुटांच्या अंतरासाठी. शिवाय दोन दशकांहून अधिक काळ त्याने सर्जनला उतीचा ताण हाताला जाणवू दिला नाही. डोळ्यांनीच ताण ओळखायला सर्जन शिकले. बळाची जाणीव परत देणाऱ्या आवृत्तीला अमेरिकेत मान्यता मिळाली २०२४ मध्ये. गर्ट्झच्या पोलादी पट्टीला जे १९४९ मध्ये जमत होते, त्यासाठी इतकी वाट पाहावी लागली.

किलोमीटर हे अंतराचे एकच माप नाही, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. मैला साफ करण्यासाठी माणसाला सुरक्षासाधनांशिवाय गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी विषारी वायूने गुदमरून मृत्यू होत राहतात. केरळच्या जेनरोबोटिक्स या कंपनीचा ‘बँडिकूट’ २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. यंत्राचे पाय मॅनहोलच्या आत जातात, कॅमेरा चित्र दाखवतो, आणि चालक रस्त्यावर उभा राहून पडद्यासमोर बटणे दाबतो. अंतर अवघे काही मीटर. पण जीव वाचवण्याच्या दृष्टीने न्यूयॉर्क ते स्ट्रासबुर्गपेक्षा हे अंतर मोठे आहे, असा या पुस्तकाचा स्पष्ट कल आहे. चालक म्हणून पूर्वी गटारात उतरणाऱ्यांनाच शिकवण्याचा प्रयत्न झाला, हेही नोंदवण्याजोगे. जपानमधील फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुभट्टीची उदाहरणेही याच अंगाने वाचावीत. तिथल्या वितळलेल्या इंधनाचा एक ग्रॅमहूनही कमी वजनाचा पहिला नमुना दूरनियंत्रित यंत्राच्या साहाय्याने बाहेर आला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, अपघातानंतर तेरा वर्षांनी.

आज हा विषय तातडीचा होण्याचे कारण मात्र टाळेबंदीत नाही. दोन गोष्टी एकदम घडत आहेत. पहिली, दुरून चालवलेले हात सीमा ओलांडू लागले आहेत. जपानमधील शेकडो किराणा दुकानांच्या फ्रिजमध्ये बाटल्या लावणारे रोबो बहुतेक काम स्वतः करतात. बाटली आडवी पडली की फिलिपिन्सच्या मनिलात बसलेला कामगार हेडसेट चढवून ती उभी करतो. कॉल सेंटरने आवाज परदेशी पाठवला होता, आता हात चालले आहेत. स्थलांतर न करता मजुरी मिळते हा फायदा. मजुरीचा दर कोणत्या देशाचा, अपघात झाला तर कायदा कुठला, संध्याकाळी मान-डोळे दुखले तर दाद कुणाकडे, हे प्रश्न मोकळेच आहेत. दुसरी गोष्ट याहून नाजूक. दुरून चालवताना माणसाच्या प्रत्येक हालचालीची नोंद होते आणि त्या नोंदींवर यंत्रे शिकतात. स्टॅनफर्डमध्ये २०२३ मध्ये पुढे आलेल्या ‘अलोहा’सारख्या स्वस्त जोडहातांनी ही पद्धत जगभर पोचवली. म्हणजे आजचा चालक कामही करतो आणि आपल्या जागी येणाऱ्याला शिकवतोही. सुतार शागिर्दाला शिकवतो तेव्हा शागिर्दाचे नाव-गाव माहीत असते आणि गुरुदक्षिणेची रीत असते. इथे तसले काही ठरलेले नाही.

प्रस्तुत पुस्तक या क्षेत्राचा मराठीत सलग परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे. तो यंत्रांच्या यादीने केलेला नाही. प्रत्येक वेळी काम आधी घेतले आहे: पकडणे, ढकलणे, तपासणे, भेटणे, शिकवणे. मग त्या कामासाठी इकडून तिकडे काय जावे लागते आणि तिकडून इकडे काय यावे लागते हे पाहिले आहे. या पद्धतीमुळे काही प्रसिद्ध यंत्रांना ओळीभरही जागा मिळाली नाही आणि हॉट सेलच्या यांत्रिक हातांना पुष्कळ मिळाली. गणित जिथे अटळ आहे तिथे ते वेगळ्या चौकटीत ठेवले आहे. बारावीपर्यंतचे पदार्थविज्ञान झालेल्याला ते झेपेल, आणि चौकटी गाळून वाचणाऱ्याचे काही अडणार नाही. लष्करी ड्रोन जाणूनबुजून वगळले आहेत. दुरून मारणे हा विषय इतका मोठा आणि इतका वेगळा आहे की दुरून काम करण्याच्या पुस्तकात त्याला पाहुणा म्हणून बसवणे योग्य झाले नसते.

परिभाषेचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. ‘टेलिप्रेझेन्स’साठी ‘दूरोपस्थिती’ घडवता येते, पण ती बोलताना कुणाच्या तोंडी बसेल असे वाटत नाही, म्हणून मूळ शब्द तसाच ठेवला आहे. ‘मास्टर-स्लेव्ह’ ही जुनी जोडी जगभरच आता टाळली जाते, तिच्या जागी ‘चालक हात’ आणि ‘कामाचा हात’ वापरले आहे. ‘लॅग’ला ‘उशीर’ पुरेसा वाटला. हे सारे शब्द टेबलावर बसून ठरलेले आहेत. ट्रॉम्बे-तारापूरच्या हॉट सेलवर, बंदरातल्या क्रेनवर किंवा शस्त्रक्रियागृहातील रोबोवर काम करणाऱ्यांच्या बोलण्यात याहून नेमके मराठी शब्द असतील तर त्यांनी ते प्रकाशकाच्या पत्त्यावर जरूर कळवावेत. पुढच्या आवृत्तीत तेच वापरले जातील.